दाखला देण्यापूर्वी



शाळा सोडल्याचा दाखला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, इयत्ता, प्रगती असे रकाने त्यावर असतात. त्यांतच 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि 'शाळा सोडण्याचे कारण' असा दुसरा. आता यातली गंमत बघा. गंमत कसली, खेदाचीच गोष्ट म्हणायची. वर्गात दंगा करतो, मारामारी करतो, मास्तरांना उलट बोलतो म्हणून ज्या मुलाच्या वडिलांना बोलावून "याला आता घेऊन जा" असे सांगितले जाते, त्याच्याही दाखल्यावर वर्तणुकीपुढे बहुधा 'चांगली' असे लिहिलेले असते आणि कारणापुढे 'पालकांच्या अर्जावरून'. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पोराचे पुढे नुकसान होऊ नये, एवढीच त्यात दया असते. पण मुलगा शाळेतून गेला, आणि तो का गेला ही हकीकतही त्याच्याबरोबर गेली. कागदावर सारे आलबेल.

आज मला या मुलाविषयी बोलायचे आहे. घरी त्याला द्वाड म्हणतात, आळीत वांड म्हणतात, आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचे नाव निघाले की चहाचा कप खाली ठेवून कोणीतरी सुस्कारा टाकतो. अशा मुलांसाठी निराळी, लहानशी, सरकारी खर्चाने चालणारी माध्यमिक शाळा असावी का, आणि असली तर ती कशी असावी, हा आजचा प्रश्न आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एक गाव डोळ्यांपुढे धरू. ठाणे जिल्ह्यातले, भिवंडी तालुक्यातले मानकोली घेऊ. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे गाव. एके काळी इकडे भाताची खाचरे होती आणि पलीकडे उल्हास नदीची खाडी. आज मानकोली, वळ, दापोडा, पूर्णा या साऱ्या पट्ट्यात गोदामांची रांग लागली आहे. देशभरचा माल इथे उतरतो आणि इथून चढतो. जवळच भिवंडी शहर, आणि त्याचा यंत्रमागांचा रात्रंदिवस चालणारा खटखटाट.

अशा गावच्या नववीच्या वर्गात दोन तऱ्हांची मुले शेजारी शेजारी बसतात. एकाच्या घरची जमीन गोदामाला गेली. पैसा आला, गाडी आली. पण पहाटे बापाबरोबर शेतावर जायचे जे काम होते ते गेले. आपला काही उपयोग आहे असे त्या पोराला घरात कुठेच वाटत नाही. दुसऱ्याचा बाप परमुलखातून हमालीला नाहीतर मागावर आलेला. एका खोलीत सहा माणसे, बापाची रात्रपाळी, आणि पोराची झोप अर्धी. पहिला बाकावर पाय टाकून बसतो, दुसरा बाकावर डोके ठेवून झोपतो. मास्तरांच्या लेखी दोघेही बेशिस्त. पण दोघांचे दुखणे एक नाही, आणि म्हणून औषधही एक नाही.

आता मी नववीचेच नाव का घेतले ते सांगतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्या कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मारणे आणि मानसिक छळ करणे यांनाही त्या कायद्याने बंदी आहे. पण आठवी संपली की काढून न टाकण्याचे हे कुंपण संपते. दुसरीकडे कामधंद्याचा कायदा पाहा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, घरच्या धंद्यातल्या हातभारासारखे थोडे अपवाद सोडले तर. चौदा ते अठरा या वयात धोक्याची कामे तेवढी वर्ज्य आहेत. म्हणजे ज्या वयात शाळेचे दार सैल होते, नेमके त्याच वयात गोदामाचे दार किलकिले होते. मानकोलीत या दोन दारांमध्ये अंतर ते किती? एक रस्ता ओलांडायचा, एवढेच.

त्यात दहावीच्या निकालाची भीती. शंभर टक्के निकालाचा फलक वेशीवर लागावा असे कोणत्या शाळेला वाटत नाही? मग नववीतच सांगितले जाते, "याला इथून काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." सतरा नंबरचा फॉर्म ही सोय वाईट नाही. ज्याची शाळा खरोखरच सुटली त्याला ती दुसरी संधी आहे. परंतु ज्याला रोज वर्गात बसूनही जमत नव्हते, त्याला एकट्याने घरी बसून जमेल, हा हिशेब कोणत्या गणितात बसतो?

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमची बाजू मला ठाऊक आहे. साठ साठ मुलांचा वर्ग, पाठ संपवायचा, माहिती भरायची, आणि त्यात एक पोरगा तास उधळून लावतो. बाकीच्या एकोणसाठांनी काय पाप केले आहे? हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून "प्रेमाने वागवा, सगळे ठीक होईल" असे सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. एक साधी रीत मात्र सांगतो. जगभर अशा मुलांबरोबर काम करणारे लोक ती वापरतात आणि तिला खर्च काही नाही.

एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, गडबड होण्याच्या आधी काय चालले होते. दुसऱ्यात लिहा, मुलाने नेमके काय केले. नुसते 'बेशिस्त वागला' असे लिहू नका. 'शेजाऱ्याची वही फाडली' असे लिहा. तिसऱ्यात लिहा, त्यानंतर काय झाले. दोन आठवडे असे लिहीत चला आणि मग सगळे एकदम वाचा.

पुष्कळदा काय दिसते? समजा, एक मुलगा आहे. त्याची गडबड नेमकी मराठीच्या आणि इतिहासाच्या तासाला होते, आणि तीही ओळीने एकेकाने वाचायची पाळी त्याच्या बाकापाशी येऊ लागली की होते. तिसऱ्या रकान्यात दरवेळी एकच नोंद: 'वर्गाबाहेर उभे केले.' आता उघड झाले ना? त्याला वाचता येत नाही. चारचौघांत अडखळून हसे करून घेण्यापेक्षा वही फाडून बाहेर उभे राहिलेले त्याला परवडते. आपण ज्याला शिक्षा समजत होतो, ती त्याची सुटका होती. ती सुटका आपणच त्याला रोज देत होतो.

दुसऱ्या एखाद्याच्या वहीत असे दिसेल की त्याची सारी भांडणे जेवणाच्या सुट्टीपूर्वी होतात. हा सकाळी काही खाऊन येतो का? तिसऱ्याला हाक मारली की तो ओ देत नाही. त्याचा कान लहानपणापासून फुटतो आहे. चौथा दहा मिनिटेही एका जागी बसू शकत नाही. बसायचे नाही म्हणून नव्हे, त्याला बसताच येत नाही. अशा अतिचंचलतेला आज वैद्यकात नाव आहे आणि उपाय आहे. वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणीला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात. मुलींच्या बाबतीत आणखी जपा. मुलगी बहुधा दंगा करीत नाही. ती बोलायची थांबते, मागच्या बाकावर सरकते, आणि एक दिवस येतच नाही. तिची वही कोरी राहते म्हणून तिचे बरे चालले आहे असे समजू नका.

वागणे हीदेखील एक बोली आहे. मुलाला जे तोंडाने सांगता येत नाही ते तो हातापायांनी सांगतो. मोठ्या वर्गात ही बोली ऐकायला कोणाला सवड नसते. लहान शाळेची गरज पडते ती एवढ्यासाठी.

असल्या शाळा आपल्याला अगदीच नव्या नाहीत. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, अशी त्या काळीही तक्रार होतीच. मुले आळशी आहेत असे म्हणून या दोघी मोकळ्या झाल्या नाहीत. मूल शाळेत का येत नाही, हे त्यांनी पाहिले. कोणी गुरे राखीत होते, कोणी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन हिंडत होते. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि धाकट्या भावंडांचीही सोय केली. कुरणशाळा हे नाव तिथूनच रूढ झाले. ती मुले दंगेखोर नव्हती, हे खरे. पण मूल शाळेत बसत नसेल तर शाळेचा आकार तपासावा, हा धडा त्यांनी आपल्याला घालून दिला.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले, पाबळ गावचे. डॉक्टर श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सुटलेली, परीक्षेत मार खाल्लेली मुले तिथे येतात. ती लोखंड जोडतात, विजेची जोडणी करतात, कोंबड्या पाळतात, माती तपासतात, बांधकाम मोजतात. गावकऱ्यांची खरी कामे करून देतात. हाताने शिकताना गणित आणि विज्ञान मागून आपोआप येते. ज्या पोराला वर्गात कोणी काही विचारीत नव्हते, त्याला गावातली बाई येऊन विचारते, "दादा, आमच्या दाराची कडी कधी बसवणार?" हा प्रश्न विचारला जाणे, म्हणजे आपण कोणाला तरी हवे आहोत हे कळणे. याच पाबळच्या अनुभवातून मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय महाराष्ट्रातल्या कित्येक माध्यमिक शाळांत नववी-दहावीला आला.

तिसरे उदाहरण अधिक कठीण आहे. मुंबईत माहीमला डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा आहे. १८५७ साली ती सुधारगृह म्हणून निघाली. कायद्याच्या कचाट्यात सापडलेली, रस्त्यावर सापडलेली मुले तिथे पाठवली जात. रेणू गावस्कर तिथल्या मुलांना शिकवायला, गोष्टी सांगायला जाऊ लागल्या आणि वर्षानुवर्षे जात राहिल्या. त्यांचे 'आमचा काय गुन्हा?' हे पुस्तक त्या अनुभवातून आले. शिक्षकांनी ते मिळवून वाचावे. ज्यांना जगाने 'वाईट मुले' म्हणून बाजूला काढले, ती मुले आपल्यासाठी ठरल्या दिवशी कोणीतरी येणार आहे याची वाट पाहतात, हे त्यातून कळते. हे ठरल्या दिवशी येणे फार मोलाचे असते. मोठ्या माणसांनी ज्यांना पुष्कळदा दगा दिला आहे, त्या मुलांना उपदेशापेक्षा नेमाने येणारे माणूस अधिक शिकवते.

आणि थोडे दूरचे सांगायचे तर, १९२० साली युक्रेनमध्ये पोल्ताव्हा शहराजवळ आंतोन माकारेंको नावाच्या शिक्षकाने युद्धाने उघड्यावर टाकलेल्या, चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या मुलांची वसाहत चालवायला घेतली. आपल्या पुस्तकात त्याने एक हकीकत सांगितली आहे. चोरीची पार्श्वभूमी असलेल्या एका तरुणाला त्याने शहरात रोकड आणायला पाठवले. आणि त्याने ती आणली तेव्हा पुढच्या खेपेला आणखी मोठी रक्कम आणायला पाठवले. मुलाने पैसे मोजून घ्या म्हटले, तर हा मोजायलाही तयार नव्हता. माकारेंको काही भोळा नव्हता. शिस्तीच्या बाबतीत तो कडकच होता. पण मुलावर जबाबदारी टाकल्याशिवाय ते जबाबदार होत नाही, हे त्याने ओळखले होते.

आता मानकोलीला परत येऊ. इथे अशी शाळा काढायची झाली तर? नवी इमारत नको. आहे त्या हायस्कुलातच, पण आपले निराळे दार असलेली एक खोली घ्या. त्या खोलीत पंधराच्या वर मुले नकोत, आणि दोन शिक्षक हवेत. सकाळी दारात एकाने उभे राहावे आणि प्रत्येक मुलाला नावाने हाक मारावी. झोप झाली का, खाल्ले का, हे विचारावे. पोट रिकामे असेल तर आधी पोटाचे पाहावे, मग पाढ्यांचे.

शिकवण्याचे सामान गावातच आहे. गोदामात एका पॅलेटवर खोक्यांचे सहा थर, एका थरात आठ खोकी. तर एका ट्रकात बारा पॅलेट मावली, खोकी किती? मागावरच्या कापडात एका इंचात आडवे धागे किती? खाडीची भरती आज किती वाजता, उद्या किती वाजता, आणि रोज पाऊण तासाच्या आसपास ती मागे का पडते? हे सारे पाठ्यपुस्तकातलेच गणित आणि भूगोल आहे. नुसते ते पुस्तकाच्या बाहेर उभे आहे.

नियम थोडे असावेत, आणि ते मुलांबरोबर बसून केलेले असावेत. शिक्षा भरपाईची असावी. काच फोडली तर ती बसवण्याचे काम त्याचे. धाकट्याला मारले तर आठवडाभर त्याला गणितात मदत करणे त्याचे. मात्र कोणाच्या जिवाला धोका होत असेल तर तिथे मुलाला आधी आवरलेच पाहिजे. त्यात हयगय नको. राग शांत झाल्यावर मग बोलणे.

एक मोठा धोका मात्र आहे, आणि तो झाकून ठेवता येणार नाही. अशी खोली निघाली की ती 'वांडांची शाळा' होऊन बसण्याचा संभव असतो. मग जो नकोसा वाटेल त्याला तिकडे ढकलायचे, असे सुरू होते. गरिबाचीच पोरे, परप्रांतीयाचीच पोरे तिथे जमा होऊ लागली तर समजावे की ती शाळा राहिली नाही, अडगळीची खोली झाली. म्हणून तीन अटी पाळाव्यात. मुलाची आणि आईबापांची राजीखुशी असल्याशिवाय कोणाला तिथे घेऊ नये. परीक्षा तीच, दहावीचीच असावी; हलका अभ्यास आणि हलके प्रमाणपत्र नको. आणि मोठ्या वर्गात परतण्याची वाट कायम उघडी असावी, दर तीन महिन्यांनी ती पडताळून पाहावी. प्रवेश किती झाले यापेक्षा परत किती गेले आणि दहावीपर्यंत किती टिकले, यावर त्या खोलीची किंमत करावी.

"पण अशी शाळा निघेपर्यंत काय करायचे?" असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की दाखला देण्यापूर्वी एक महिना थांबा. त्या महिन्यात चार कामे करा. पहिले, ती तीन रकान्यांची वही लिहा. दुसरे, मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात, त्यांच्यापुढे या मुलाला आधी उभे करा. तिसरे, तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी बोला. समावेशित शिक्षणाचे काम पाहणारी माणसे तिथे असतात. चौथे, त्याच्या घरी एकदा जा. तक्रार घेऊन जाऊ नका, नुसते जा. चहा घ्या, खोली पाहा, कोण कधी कामाला जाते ते पाहा. आईबापांना शाळेतून बोलावणे येते ते नेहमी कुरबुरीचेच असते. मास्तर किंवा बाई न बोलावता घरी आल्या, हे त्या घराने कधी पाहिलेले नसते. मुलाला घरात मारहाण होते, त्याला कामाला जुंपले आहे असे दिसले, तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर कळवायला कचरू नका.

आईबापांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. "मास्तर, बदडा त्याला, पण शिकवा," असे तुम्ही विश्वासाने म्हणता, ते मी जाणतो. पण ज्याला घरी मार आहे आणि शाळेतही मार आहे, तो मार खायलाच तेवढा शिकतो. त्यापेक्षा रोज रात्री दहा मिनिटे त्याच्याजवळ बसा. आज काय शिकलास हे विचारू नका, त्याचा त्याला कंटाळा येतो. आज काय झाले ते विचारा.

आणि गावच्या पुढाऱ्यांना, शाळा व्यवस्थापन समितीच्या मंडळींना एक विनंती. वेशीवर निकालाचा फलक लावाल तेव्हा त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहा: नववीत किती मुले होती आणि त्यांतली किती दहावीच्या परीक्षेला आपल्याच शाळेतून बसली. नववीत ऐंशी होती आणि परीक्षेला साठ बसली, तर साठांपैकी साठ पास झाल्याचा आनंद जरूर करा. पण उरलेली वीस कुठे आहेत, हे ग्रामसभेत विचारा. त्यांची नावे हजेरीपटावर आहेत. घरे गावातच आहेत. सांजवेळी नाक्यावर जाऊन पाहिले तर त्यांतली काही तिथे भेटतीलही. त्यांच्याशी बोलायला कोणी जाईल का, एवढे मात्र ठरवा.